जुनी गाडी विकताना नो क्लेम बोनस नव्या गाडीवर कसा न्यावा

जुनी गाडी विकायला काढली की आपण टायर किती चाललेत, बॅटरी कधी बदलली, सीट कव्हर किती हजारांचं आहे, सगळं मोजून घेतो. म्युझिक सिस्टिम काढून ठेवायची की द्यायची, यावर घरात अर्धा तास चर्चा होते. पण त्याच गाडीच्या पॉलिसीवर जमा झालेली २५, ३५, कधी थेट ५० टक्क्यांची सवलत कुणाच्या लक्षातही नसते. गाडी जाते, तिच्याबरोबर कागद जातात आणि नव्या गाडीचा विमा पूर्ण दराने भरला जातो.

ही सवलत म्हणजे नो क्लेम बोनस, बोलताना एनसीबी. तो गाडीचा नसतो, पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्या माणसाचा असतो. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाड्यांच्या विम्याच्या दर-नियमावलीत, हे स्वच्छ लिहिलं आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर ठरवायची मोकळीक २००७ मध्ये कंपन्यांना मिळाली, पण बोनसचे टप्पे आणि नियम तेच चालत आले आहेत. त्यामुळे कंपनी कुठलीही असो, पुढची पद्धत साधारण सारखीच.

आधी बघा, तुमच्याकडे आहे किती

पॉलिसीची पीडीएफ उघडा आणि प्रीमियमचा तक्ता असलेलं पान काढा. तक्त्याचे दोन भाग असतात: एका बाजूला ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा, आणि दुसऱ्या बाजूला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा. बोनसची वजाबाकी फक्त ओन डॅमेजच्या बाजूला दिसेल. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर बोनस साठतच नाही.

टप्पे असे: एक वर्ष क्लेम नाही तर २० टक्के, सलग दोन वर्षं २५, तीन वर्षं ३५, चार वर्षं ४५ आणि पाच वर्षं ५०. त्यापुढे वाढत नाही. मध्ये एक क्लेम झाला की गाडी पुन्हा शून्यावर. मात्र समोरच्याने तुमच्यावर थर्ड पार्टीचा दावा लावला आणि तुम्ही स्वतःच्या गाडीसाठी काही मागितलं नाही, तर बोनसला धक्का लागत नाही.

एक बारकावा लक्षात ठेवा. चालू पॉलिसीवर ३५ टक्के छापलंय याचा अर्थ ३५ टक्के सवलत तुम्ही या वर्षी घेऊन झालात. हे वर्षही विनाक्लेम गेलं, तर रिन्यूअलला ४५ मिळतील.

आता पैशांचं बघू. जुन्या गाडीची किंमत घसरलेली असते, त्यामुळे तिचा ओन डॅमेजचा प्रीमियमही कमी. समजा तो ५,००० रुपये आहे, तर ५० टक्के बोनस म्हणजे अडीच हजारांची बचत. तीच सवलत नव्या गाडीच्या २०,००० रुपयांच्या ओन डॅमेज प्रीमियमवर लावली की १०,००० वाचतात, आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटीही वाचतो: एकूण ११,८००. म्हणजे बोनसची खरी किंमत गाडी बदलतानाच वसूल होते. म्हणूनच माझं मत, येत्या वर्षात नवी गाडी घ्यायचा विचार असेल तर बंपरच्या चार-पाच हजारांच्या कामासाठी क्लेम टाकू नये. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे पदरचे पैसे देऊन ते करून घ्यावं.

थर्ड पार्टीचा आकडा मात्र आहे तसाच राहतो. नव्या खासगी कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. जून २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या गाडीला त्याचे १०,६४० रुपये आहेत. बोनस ५० टक्के असून एकूण बिल निम्मं का झालं नाही, म्हणून शोरूममध्ये भांडणारे लोक असतात. त्याचं कारण हे. झिरो डेपसारख्या (घसारा न कापता भरपाई देणाऱ्या) जोडकव्हरांच्या प्रीमियमलाही बहुतेक ठिकाणी बोनस लागत नाही.

विकायच्या आधी पॉलिसीची तारीख बघा

पॉलिसी संपायला दोन-तीन आठवडेच राहिले असतील आणि वर्ष विनाक्लेम गेलं असेल, तर जमल्यास थांबा. बोनस पुरे बारा महिने भरल्यावरच पुढच्या टप्प्यावर जातो. वर्षाच्या मध्ये गाडी विकली, तर शेवटच्या पूर्ण वर्षाअखेरीस जो टप्पा कमावलात तोच मिळतो. वरच्या उदाहरणात ३५ मिळतील, ४५ नाही. अकरा महिने क्लेम नाही ही गोष्ट हिशेबात धरली जात नाही.

उलट गाडी विकली जाईल म्हणून पॉलिसी संपू देऊन वाट बघत बसणंही चुकीचं. गाडी तुमच्याच नावावर आहे आणि पॉलिसी संपून ९० दिवस उलटले, तर रिन्यूअलला बोनस शून्य. शिवाय त्या काळात गाडी रस्त्यावर आली तर विनाविमा गाडीचा दंड पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये. अपघात झाला तर दंडाचं कुणी काही विचारणारसुद्धा नाही, इतकी भरपाई अंगावर येते.

विक्रीचे कागद पक्के करा

बोनस मोकळा करून घ्यायचा तर गाडी खरोखर गेली, हे विमा कंपनीला दाखवावं लागतं. त्यासाठी मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३० यांच्या सह्या झालेल्या प्रती, गाडी ताब्यात दिल्याची डिलिव्हरी नोट आणि शक्य असेल तर नव्या मालकाच्या नावची आरसी. डिलिव्हरी नोटवर तारीख नि वेळ दोन्ही टाका. त्याच संध्याकाळी कुठे सिग्नल तोडला गेला, तर ती वेळ कामाला येते.

एक्स्चेंजमध्ये गाडी देत असाल तर शोरूमवाले कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतात आणि ‘साहेब, आरटीओचं आम्ही बघतो’ म्हणतात. बघतातही, पण कधी, ते त्यांच्या सोयीने. भरलेल्या फॉर्मच्या झेरॉक्स आणि गाडी मिळाल्याची शोरूमच्या शिक्क्याची पावती त्याच दिवशी घ्या. आरसीवर तुमचं नाव आहे तोवर कायदा तुम्हालाच मालक समजतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं आहे.

घेणारा कधी म्हणतो, ‘काका, पॉलिसी अजून आठ महिने आहे, बोनससकट आम्हालाच द्या की.’ पॉलिसी त्याच्या नावावर करता येते, त्यासाठी त्याने १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. पण बोनस त्याला मिळत नाही. त्याचा स्वतःचा बोनस नसेल, तर पॉलिसी नावावर करताना उरलेल्या मुदतीच्या बोनसचा फरक कंपनी वसूल करते. हा फरक कोण भरणार हे सौद्यातच बोलून घ्या, नंतर फोन उचलले जात नाहीत. घेणारा पॉलिसी घेणार नसेल, तर तुमच्या पॉलिसीचा ओन डॅमेजचा भाग रद्द करायचा की त्यातला बोनस काढून घ्यायचा, हे कंपनीला विचारा.

पत्र मागा

आता मुख्य कागद. याला कुणी एनसीबी सर्टिफिकेट म्हणतं, कुणी रिझर्व्हिंग लेटर, कुणी रिटेन्शन लेटर. कस्टमर केअरला यातलं कुठलंही नाव सांगा, त्यांना कळतं. एजंटला नुसतं तोंडी सांगून थांबू नका. कंपनीच्या अधिकृत ईमेलवर स्वतः लिहा. मजकूर एवढाच पुरे:

‘माझ्या नावावरील अमुक क्रमांकाच्या पॉलिसीत विमा असलेली अमुक क्रमांकाची कार मी अमुक तारखेला विकली आहे. फॉर्म २९, फॉर्म ३०, डिलिव्हरी नोट आणि पॉलिसीची प्रत सोबत जोडली आहे. माझा नो क्लेम बोनस राखून ठेवून त्याचं पत्र द्यावं. ओन डॅमेजचा भाग रद्द करायचा असल्यास किंवा काही फरक भरायचा असल्यास तसं कळवावं.’

उत्तराच्या मेलमध्ये मिळालेला तक्रार किंवा विनंती क्रमांक जपून ठेवा. पत्र आलं की चार गोष्टी तपासा: आरसी आणि आधारवर आहे तसंच नाव, जुन्या गाडीचा नंबर, बोनसची टक्केवारी आणि कुठल्या काळापर्यंत क्लेम नाही ते. नावात ‘कुळकर्णी’चं ‘कुलकर्णी’ झालं, तरी नवी कंपनी आडून बसू शकते.

जुनी पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत नवा विमा घेतला, तर हा बोनस चालतो. म्हणजे गाडी विकून वर्षभर मेट्रोने फिरायचं ठरवलं तरी बिघडत नाही. ९० दिवसांची अट गाडी विकलेल्यांसाठी नाही, ही गोष्ट बऱ्याच एजंटांनाही ठाऊक नसते.

शोरूममध्ये

इथे लोक सगळ्यात जास्त पैसे सोडून येतात. दसऱ्याला किंवा पाडव्याला गाडी दारात हवी असते, मुहूर्त ठरलेला, पेढे आणलेले. विम्याचं कोटेशन डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतं आणि त्यात बोनसच्या रकान्यात शून्य असतं. विचारलं की उत्तर येतं, ‘पत्र द्या, नंतर अ‍ॅडजस्ट करू.’ नंतर कुणी काही करत नाही. म्हणून बुकिंगच्या वेळीच सांगा की बोनस लावायचा आहे, पत्र येतंय. आणि बोनस धरलेलं कोटेशन हातात आल्याशिवाय विम्याचे पैसे भरू नका.

शोरूमचाच विमा घ्यायची सक्ती नाही. दुसऱ्या कंपनीकडून कोटेशन आणा, शोरूमचं त्याच्याशेजारी ठेवा, मग बोला. तुलना करताना गाडीची धरलेली किंमत, म्हणजे आयडीव्ही, दोन्हीकडे सारखी आहे ना ते बघा. आयडीव्ही खाली आणून प्रीमियम स्वस्त दाखवणं ही जुनी युक्ती आहे.

नवी गाडी आधी आली आणि जुनी अजून विकली गेली नाही, तर? एकच बोनस दोन गाड्यांवर चालत नाही. त्यामुळे शक्य तिथे जुनीचा सौदा, निदान डिलिव्हरी नोटपर्यंत, आधी उरका.

गाडी तीच, कंपनी दुसरी

हे काम त्या मानाने किरकोळ. पॉलिसी संपायच्या आत नव्या कंपनीकडे जुन्या पॉलिसीची प्रत किंवा आलेली रिन्यूअल नोटीस द्या. ती नसेल, तर क्लेम झालेला नाही असं डिक्लेरेशन चालतं. नव्या कंपनीने २१ दिवसांत जुन्या कंपनीला लिहून खात्री करायची आणि जुनीने ३० दिवसांत उत्तर द्यायचं, असा नियम आहे.

घोटाळा होतो तो ऑनलाइन फॉर्ममध्ये. ‘मागच्या वर्षी क्लेम केला होता का?’ या प्रश्नापुढे अनेकदा ‘नाही’ आधीच निवडलेलं असतं. फॉर्म एजंट भरत असेल तर तो म्हणतो, ‘टाका हो दादा ५० टक्के, कोण बघतंय.’ बघितलं जातं, पण तुम्ही क्लेम टाकल्यावर. त्या डिक्लेरेशनमध्येच लिहिलेलं असतं की माहिती खोटी निघाली, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचे सगळे लाभ जातील. दोन-तीन हजार वाचवायला गेलं आणि दीड लाखाचं बिल आपल्याच अंगावर आलं, असा हा मामला. चुकीचा बोनस लागल्याचं आज लक्षात आलं, तर आजच कंपनीला कळवा, फरक भरा आणि दुरुस्तीचं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा कागद, लेखी घ्या. हे अपघाताच्या आधी व्हायला हवं.

नावांचा गुंता

आपल्याकडे गाडी बऱ्याचदा वडिलांच्या नावावर असते आणि नवी मुलाच्या किंवा सुनेच्या नावावर घेतली जाते. तिथे बोनस अडतो. हयातीत तो एका नावावरून दुसऱ्या नावावर जात नाही, सख्ख्या मुलाच्याही नाही. मालकाचं निधन झालं आणि गाडी पती-पत्नी, मुलं किंवा आईवडील वापरू लागले, तरच बोनस त्यांच्याकडे जातो. ५० टक्के बोनस वडिलांचा असेल, तर नवी गाडीही त्यांच्याच नावावर घ्यायची का, हा हिशेब बुकिंगच्या आधीच मांडा.

नोकरीत मिळालेली कंपनीची गाडी पुढे तुमच्या नावावर झाली, तर तिच्यावरचा बोनसही तुम्हाला मिळू शकतो. मात्र गाडी त्या काळात फक्त तुम्हीच वापरत होता, असं मालक कंपनीचं पत्र लागतं. मोटारसायकलचा बोनस कारला लागत नाही, खासगी कारचा टॅक्सीला नाही. वाहनाचा वर्ग तोच हवा.

दुबईहून किंवा लंडनहून कायमचं परत येणाऱ्यांनी तिकडच्या विमा कंपनीकडून क्लेम नसल्याचं पत्र निघण्याआधीच घ्यावं. तिकडची पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथे विमा घेतला, तर ते ग्राह्य धरता येतं.

कंपनी दाद देत नसेल तर

आधी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. दाद लागली नाही, तर विमा नियामक आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवा. लेखी तक्रारीला महिनाभर उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. मुंबई आणि पुणे इथे लोकपालाची कार्यालयं आहेत. गोव्यातल्या तक्रारी पुण्याकडे जातात. अर्जासोबत पत्र मागितल्याचा पहिला ईमेल जोडा.