फवारणी आणि तोडा यांमधले दिवस मोजा: वायंगणी (हिवाळी) भाजी, मानकुराद आंबा आणि काजूसाठी सल्ला

ढग आले, सकाळी धुकं आणि दव पडायला लागलं, की भेंडीवर तुडतुडे, मिरचीवर फुलकिडे आणि आंब्याच्या मोहरावर भुरी ठरलेलीच. याच दिवसांत औषधाच्या दुकानात गर्दी होते आणि दरवर्षी दिसते ती एक चूक याच दिवसांत घडते. गुरुवारी संध्याकाळी फवारायचं आणि शुक्रवारी पहाटे तीच भाजी तोडून म्हापशाच्या बाजारात न्यायची. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत हे चालतं. चांगलं पोसलेलं, कीड नसलेलं पीक एवढ्या एका घाईमुळे परत आलेलं आणि खड्ड्यात टाकलेलं मी पाहिलं आहे. म्हणून आज बाकीचं थोडक्यात आणि हे एकच सविस्तर सांगतो.

पूर्वी भाजी डोळ्यांनी बघून घेतली जायची. आता हॉटेलवाला, केटरर, मोठं दुकान विचारतं, "रिपोर्ट आहे का?" त्यांच्यावरही दट्ट्या आहे. परवानाधारक अन्न-उत्पादकाला आपल्या मालाची दर सहा महिन्यांनी तरी प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी लागते. म्हणजे लोणचं घालणारा, काजू सोलणारा, मसाला दळणारा, सगळेच कच्च्या मालाबद्दल मागे वळून तुमच्याकडेच बघणार. २०१८ च्या जुलैत मासळी टिकवायला वापरलेल्या फॉर्मेलिन या रसायनावरून गोव्यात काय गदारोळ झाला ते सर्वांना आठवतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइडमुळे कारवाई केली. गिऱ्हाईक तेव्हापासून जास्तच सावध झालं आहे, आणि ते बरंच झालं.

"शेतकऱ्याला हा कायदा लागू नाही" असं बरेच जण छातीठोक सांगतात. अर्धं खरं आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम १८ मध्ये शेतकऱ्याला आणि शेतावरच्या मालाला सूट दिलेली आहे. पण माल तुमच्या मेरेपलीकडे (बांधापलीकडे) गेला, व्यापाऱ्याच्या टेंपोत चढला, की तो कायद्याच्या कक्षेत आला. कलम २१ प्रमाणे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कीटकनाशकाचा अंश असलेलं अन्न विकता येत नाही. कलम ४० प्रमाणे साधं गिऱ्हाईकसुद्धा फी भरून विकत घेतलेली वस्तू तपासून घेऊ शकतं. दंड व्यापाऱ्याला होईल, आणि पुढच्या आठवड्यापासून तो तुमच्या दारात येणार नाही. तुमचं नुकसान तिथे आहे. आपल्याकडे 'गावठी' म्हणून भाजीला चार पैसे जास्त मिळतात. घाटावरून येणाऱ्या भाजीपेक्षा आगशीचं वांगं, सांत इस्तेवची भेंडी लोक शोधून घेतात. तो विश्वास एका वाईट रिपोर्टने जातो.

प्रयोगशाळेतलं यंत्र किती बारीक मोजतं ते लक्षात घ्या. ज्या पिकासाठी एखाद्या औषधाची मर्यादा ठरवलेलीच नाही, तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागते. म्हणजे १०० टन भाजीत १ ग्रॅम औषध. "थोडंसंच मारलं होतं" हे तिथे चालत नाही.

आता मुख्य गोष्ट, प्रतीक्षा काळ. शेवटची फवारणी आणि तोडा यांमध्ये किती दिवस जायला हवेत ते औषधाच्या माहितीपत्रकावर पिकानुसार छापलेलं असतं. ते बारीक अक्षरातलं पत्रक लोक दुकानातच टाकून येतात. औषध एकच असलं तरी पीक बदललं की दिवस बदलतात, आणि फसगत तिथेच होते. इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल हे कीटकनाशक उदाहरण म्हणून घ्या (आकडा म्हणजे औषधाचं टक्क्यांतलं प्रमाण; एसएल, एससी, एसजी ही औषध कोणत्या रूपात आहे त्याची खूण). भेंडीसाठी ३ दिवस, मिरचीसाठी ४० दिवस, आंब्यासाठी ४५ दिवस. भेंडीवर मारून उरलेला पंप शेजारच्या मिरचीच्या वाफ्यावर रिकामा केला, तर ती मिरची सव्वा महिन्याहून जास्त दिवस विकण्याजोगी राहत नाही. क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ एससी मिरचीत ३ दिवस, भेंडीत ५, पण वांग्यात २२ दिवस. वांग्याचा तोडा चार-पाच दिवसांनी येतो. मग तोडा सुरू झाल्यावर वांग्यावर हे औषध मारायचं कसं? मारायचं नाहीच. फुलं येण्याआधी मारायचं असेल तर मारा. एमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी भेंडीत ५ दिवस, वांगी आणि मिरचीत ३ दिवस. तुमच्या बाटलीवरच्या पत्रकात आकडा वेगळा असेल तर पत्रकावरचाच धरा.

यावर माझं एक निरीक्षण आहे, ते कुठल्या शिफारशीत नाही. ढगाळ, थंड हवेत औषध पानावर जास्त दिवस टिकतं, कारण ऊन आणि उष्णताच ते मोडते. म्हणून आकाश भरलेलं असेल तर मी पत्रकावरच्या दिवसांत दोन दिवस आणखी धरायला सांगतो. पालेभाजीत दुप्पट.

भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, मग पाच दिवस थांबायचं कसं, हा प्रश्न रास्त आहे. थांबलं तर भेंडी जून होते. उपाय असे:

– वाफे दोन भागांत करा. एका भागावर फवारणी, दुसऱ्यातला तोडा चालू.
– फवारणी नेहमी तोड्यानंतर, त्याच संध्याकाळी.
– प्रतीक्षा काळात जून झालेली भेंडी तोडून जनावरांनाही न घालता खड्ड्यात पुरा.
– तोडा सुरू झाल्यावर आधी ५ टक्के निंबोळी अर्क. ५ किलो निंबोळी पावडर, १०० लिटर पाणी.
– वांग्याचे वाळलेले शेंडे अळीसकट रोज खुडा, फळपोखर अळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा.
– कारली, दोडकी, काकडीला फळमाशीसाठी क्यू ल्यूर सापळे (नर माशीला ओढणाऱ्या वासाचे).

"धुतली की निघून जातं" हा दुसरा गैरसमज. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसात शिरतात. पाण्याने, मिठाने, कुठल्याही पावडरीने ती निघत नाहीत. अशी धुण्याची पावडर विकणारे आता आपल्याकडेही फिरू लागले आहेत. घेऊ नका.

मात्रेची गफलतही इथेच होते. शिफारस १० लिटर पाण्यासाठी असते, पाठीवरचा पंप १६ लिटरचा असतो आणि मोजमाप बाटलीच्या झाकणाने होतं. मिलिलिटरच्या खुणा असलेला पेला मिळतो, तो घ्या. "एक झाकण जास्त घातलं तर काय बिघडलं?" याचं उत्तर रिपोर्टमध्ये दिसतं. तीन-चार औषधं एकत्र कालवूनही मारू नका. कीड त्याने लवकर मरत नाही, यंत्रात मात्र तीन-चार नावं उमटतात.

दुकानदाराबद्दल स्पष्ट बोलतो. तो वाईट माणूस असेलच असं नाही, पण त्याला कंपनीचं टार्गेट असतं. तुम्ही तुडतुड्यासाठी गेलात की तो औषध, त्याबरोबर टॉनिक, वर 'रेसिड्यू फ्री'ची (औषधाचा अंश उरत नाही असं सांगणारी) महागडी बाटली देतो. ज्या बाटलीवर कीटकनाशकाचा नोंदणी क्रमांक आणि रंगाचा चौकोन नाही, ती 'बायो' असो वा 'हर्बल', हात लावू नका. नावाला जैविक आणि आत रासायनिक औषध मिसळलेलं, असे प्रकार होतात. त्याने किडी पटापट मरतात, म्हणून शेतकरी खूश होतो आणि तपासणीत अडकतो. पक्कं बिल मागा, बॅच क्रमांकासह. बिल द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून घेऊ नका.

घरच्या माळ्यावर जुन्या बाटल्या असतील तर आजच बाजूला काढा. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर फार वर्षांपासून बंदी आहे. एंडोसल्फान २०११ पासून बंद आहे. ट्रायझोफॉस, फोरेट, डायक्लोरव्हॉस २०२० च्या अखेरीपासून बंद. "थोडं उरलंय, संपवून टाकू" असं म्हणून मारलेली बाटली सगळ्यात महाग पडते. अशी औषधं ओहोळात किंवा खाजनात (खाडीकाठच्या शेतजमिनीत) ओतू नका. विभागीय कृषी कार्यालयात विचारून विल्हेवाट लावा.

तांबड्या भाजीबद्दल वेगळं सांगतो. तिच्यासाठी नोंदणी असलेली औषधं जवळपास नाहीतच, त्यामुळे जे माराल त्याला बहुधा ०.०१ चीच मर्यादा लागेल. महिनाभरात काढणीला येणारं पीक आहे, औषध नकोच. पानं कुरतडली तर तो वाफा सोडून द्या आणि दुसरा पेरा. आणि जुड्या बांधून रस्त्याकडेच्या गटाराच्या किंवा साचलेल्या डबक्याच्या पाण्यात बुचकळू नका. तपासणीत जंतूही बघतात, ई. कोलाय सापडला तर तोच माल नापास. विहिरीचं किंवा नळाचं पाणी वापरा, ताजं शेण काढणीच्या जवळ घालू नका.

आंबा, मानकुराद (मात्रा १० लिटर पाण्यासाठी):

– तुडतुडे: बोंगे (मोहराचे कोंब) फुटताना लॅम्डा सायहॅलोथ्रिन ५ ईसी ६ मिलि. पुढच्या फवारणीला इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल ३ मिलि. गरज वाटली तरच त्यानंतर थायामेथोक्झाम २५ डब्ल्यूजी १ ग्रॅम.
– भुरी: हेक्झाकोनॅझोल ५ ईसी ५ मिलि, किंवा पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक २० ग्रॅम.
– मोहर पूर्ण फुललेला असताना फवारणी नको. मधमाश्या आणि माशा मरतात, फळधारणा घटते.
– फळमाशीसाठी रक्षक सापळे (नर माश्या ओढून पकडणारे) हेक्टरी किमान ४, फळ सुपारीएवढं झाल्यापासून.

दिवस उलटे मोजा. १५ एप्रिलला फळ उतरवायचं असेल तर ४५ दिवस मागे गेलं की १ मार्च येतो. त्यानंतर इमिडाक्लोप्रिड नाही. मार्चमध्ये पुन्हा ढग येतात आणि तेव्हाच हात औषधाकडे जातो. त्या वेळी सापळे, बागेची स्वच्छता आणि पडलेली फळं गोळा करून पुरणं यावर भागवा. उतरवलेला आंबा गवताच्या अढीत पिकवा. कॅल्शियम कार्बाइडवर पूर्ण बंदी आहे. पिकवण्याच्या खोलीत इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग) चालतो, पण त्याची पुडी किंवा द्रावण फळाला लागता कामा नये.

काजू:

– ढेकण्या (रस शोषणारी कीड): नवी पालवी, मोहर आणि कोवळी बी या तीन वेळा पाहणी करा. लागण दिसली तरच लॅम्डा सायहॅलोथ्रिन ५ ईसी ६ मिलि, १० लिटरला.
– खोडाभोवती साफसफाई, रोठा (खोड पोखरणारी कीड) दिसला तर अळी काढून टाका.
– बोंडू रंग धरू लागले की फवारणी बंद.

शेवटचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. बी टरफलात असते म्हणून औषध लागत नाही असं म्हणतात. पण तोच बोंडू मळून त्याचा नीरो (ताजा रस) पितात आणि तोच उराकाच्या (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या) भट्टीत जातो. औषधाचं नाव निघालं तर उराकाचा सगळा हंगाम बदनाम होईल.

हरमल आणि खोल्याची मिरची वाळवणाऱ्यांनी मातीवर वाळवणं थांबवावं. मिरची ओलसर राहिली की बुरशी येते, बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष. मसाल्यात त्याची मर्यादा किलोला ३० मायक्रोग्रॅम आहे. ताडपत्रीवर वाळवा, संध्याकाळी दव पडण्याआधी झाका, आणि देठ कडकन मोडेपर्यंत भरू नका. भुईमुगालाही हाच नियम: फुटक्या, काळ्या शेंगा निवडून टाका.

नोंदवहीत एवढंच लिहा:

– तारीख, वाफा, पीक
– औषधाचं नाव, बॅच, मात्रा
– प्रतीक्षा काळ कोणत्या तारखेला संपतो
– तोड्याची तारीख आणि माल कुणाला दिला

हॉटेलवाल्याला ही वही दाखवली की निम्म्या शंका मिटतात. शाळेत जाणाऱ्या मुलांना लिहायला सांगा, ती विसरत नाहीत.

नमुना तपासायचा असेल तर तोड्याआधी तपासा, माल गेल्यावर नाही. वाफ्याच्या दहा-बारा ठिकाणांहून मिळून दीड-दोन किलो भाजी घ्या, नुसत्या मेरेजवळची नको. न धुता स्वच्छ प्लास्टिक पिशवीत भरा, नाव-तारीख लिहा, बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी पोचवा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळाच निवडा, आणि ती मान्यता कीटकनाशक अंशांच्या चाचणीसाठी आहे का ते आधी विचारा. गावात फिरणाऱ्या तपासणी गाडीवर दुधातलं पाणी, खाण्यातला रंग अशा सोप्या चाचण्या होतात. औषधाचा अंश मोजायला मोठी यंत्रं लागतात. एकट्याला खर्च झेपत नसेल तर एकाच पद्धतीने पिकवणाऱ्या चार-पाच जणांनी वर्गणी काढून सर्वांत जास्त फवारणी झालेल्या वाफ्याचा नमुना पाठवा. तो पास झाला तर बाकीच्यांची काळजी बरीच कमी होते. रिपोर्टवर 'बीएलक्यू' लिहिलं असेल तर यंत्राला मोजता येईल एवढा अंश सापडला नाही, असं समजा. आकडा आला असेल तर तो त्या पिकाच्या मर्यादेशी ताडून बघा आणि जुने गोव्यातल्या किंवा मडगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवून मगच तोडा सुरू करा.