डॅशबोर्डचा एसी थंड करेना? गॅस भरण्याआधी एवढं बघा

मे महिन्यात दुपारी बारानंतर बीडहून तुळजापूरकडे निघालात, तर मांजरसुंब्याचा घाट संपेपर्यंत गाडीच्या एसीचा निकाल लागलेला असतो. गाडी म्हणजे ट्रॅव्हलर मिनीबसचं केलेलं फिरतं घर असेल, तर विचारूच नका. पुढे समोरून कोमट वारा, मागे पलंगावर पोरं लालबुंद.

अशा वेळी जो भेटेल तो एकच सांगतो, "गॅस संपला असंल, भरून घ्या." मीही भरला. एका उन्हाळ्यात दोनदा. दोन्ही वेळा चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. शेवटी रेडिएटरच्या कामासाठी गाडी उघडली, तेव्हा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत कापसाची अख्खी वाकळ निघाली. थंडीभर जालना-परभणीच्या रस्त्यांवर कापसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी हाकली होती, त्याचा तो प्रसाद. गॅसचा दोष नव्हताच. म्हणून माझा क्रम उलटा आहे: फुकटात तपासता येतं ते आधी, गॅस सगळ्यात शेवटी.

आधी मोजा

"थंड वाटत नाही" यावरून काहीच कळत नाही. सळईवाला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत खोचा. एसी पूर्ण थंडवर, हवा आतल्या आत फिरवणारं बटण चालू, ब्लोअर मध्यम. एक्सलेटर 1500 आरपीएमच्या आसपास ठेवून दहा मिनिटं थांबा. गाडी मोकळ्यावर असू द्या, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. बाहेर 40 असताना जाळीतून 10 ते 14 अंशांची हवा येत असेल, तर एसी ठणठणीत आहे. अडचण गाडीच्या आकाराची आहे, त्यावर शेवटी बोलू. 20 च्या पुढे असेल तर पुढे वाचा.

हेच माप सिग्नलला उभं असताना आणि हायवेवर पळताना असं दोनदा घ्या. पळताना थंड आणि उभं राहिलं की गरम, तर बहुतेक वेळा कंडेन्सरला वारा मिळत नाही. सुरुवातीला गार, मग हळूहळू जाळीतून वाराच कमी होत जातो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की परत ठीक, तर आतली कूलिंग कॉइल बर्फाने गोठते आहे. तिथे सेन्सर किंवा थर्मोस्टॅट तपासायला सांगा.

वारा कुठून येतो

आतली हवा फिरवण्याचं बटण दाबल्यावर ब्लोअरचा आवाज बदलायला हवा. बदलत नसेल तर झडप अडकली आहे आणि एसी बाहेरची 42 अंशांची हवा सतत नव्याने थंड करत बसला आहे. बोनेटच्या मागे, काचेच्या खालच्या जाळीवर कागदाची पट्टी धरा. बटण दाबलेलं असतानाही कागद आत ओढला गेला, तर झडप पूर्ण मिटत नाही. काही मोठ्या मोटरहोममध्ये या झडपा व्हॅक्युमवर चालतात. तिथे एखादी रबरी नळी तडकली की वारा छातीवर यायचा सोडून काचेकडे जातो.

केबिन फिल्टर असेल तर काढून झटका किंवा सरळ बदला. बऱ्याच जुन्या गाड्यांना तो नसतोच, मग काळ्या मातीची धूळ थेट कूलिंग कॉइलवर बसते. ब्लोअर फुल आणि वारा मात्र फुंकर घातल्यासारखा, तर हेच समजा. गाडीखाली पाणी ठिबकत नाही म्हणून मात्र घाबरू नका. मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते, की चांगला एसीही जेमतेम चार थेंब गाळतो. जुलैतही गाडीखाली कोरडं आणि पायाशी ओल, असं असेल तर पाणी जायची नळी तुंबली आहे.

गुपचूप चालू राहिलेला हीटर

याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइलच्या शेजारी हीटरची कॉइल असते आणि तिच्यातून इंजिनाचं उकळतं पाणी फिरतं. ते अडवणारा व्हॉल्व्ह नीट मिटला नाही, तर एसी थंड करतो आणि हीटर तीच हवा तापवतो. नॉब पूर्ण थंडवर ठेवून थोडं फिरून या, इंजिन बंद करा आणि हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्यांना फडकं गुंडाळून अंदाजाने हात लावा. व्हॉल्व्ह असलेल्या गाडीत दोन्ही सारख्याच चटका देत असतील, तर पाणी आत जातं आहे. केबल सैल झाली असेल तर पाच मिनिटांचं काम. काही गाड्यांना व्हॉल्व्हच नसतो, फक्त हवेची झडप असते. तिथे दोन्ही नळ्या गरमच लागणार, मग झडप बघावी लागते.

कंडेन्सर: माझा पहिला संशयित

रेडिएटरच्या पुढे उभी जाळी असते ती कंडेन्सर. केबिनमधली उष्णता बाहेर टाकायची ती इथूनच. तिच्यावर धूळ, किडे, पाचटाचं भुसकट आणि आपल्याकडे खास कापसाचे तंतू बसतात. समोरून बघितलं तर स्वच्छ दिसते, घाण मागच्या फटीत असते.

एक झकास चाचणी आहे. एसी चालू, गाडी उभी, थर्मामीटर जाळीत. पुढून कंडेन्सरवर साध्या पाइपने हळू पाणी सोडा, हात आणि पाइप पंख्यापासून लांब ठेवून. दोन-तीन मिनिटांत जाळीतली हवा झपाट्याने उतरली, तर कंडेन्सर घाण आहे किंवा पंखा कमी पडतो आहे. गॅसवर पैसे घालायच्या आधी हे करून बघाच.

धुताना इंजिन गार असू द्या. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे घाण आली त्या वाटेने परत जाते. सर्व्हिसिंग सेंटरचं जोराचं प्रेशर नको, पातळ पत्र्या वाकल्या की वाट कायमची बंद. फट गच्च भरली असेल तर रेडिएटर पुढे-मागे करून घ्यावा लागतो. मजुरी लागते, पण माझ्या गाडीत 23 वरून थेट 12 आलं ते त्यामुळेच. इलेक्ट्रिक पंखा असेल तर एसी लावल्यावर तो फिरतो का, तेही पाहा.

बेल्ट आणि क्लच

एसी लावल्यावर कंप्रेसरपाशी, म्हणजे बेल्टवर चालणाऱ्या गॅसच्या पंपापाशी, "टक्" असा आवाज येऊन पुढची चकती फिरायला हवी. ही चकती पंपाला जोडतो-सोडतो तो एसीचा क्लच, गिअरचा नव्हे. बेल्ट चकचकीत झाला असेल किंवा किंचाळत असेल तर तो घसरतो आहे. अर्धा तास गार, मग अचानक गरम, थोडं थांबलं की पुन्हा गार, असं होत असेल तर क्लचमधलं अंतर वाढलेलं असू शकतं. तापल्यावर त्याचं चुंबक पकड सोडतं. क्लच दर काही सेकंदांनी लागत-सुटत असेल, तर मात्र गॅस कमी असण्याची शक्यता मोठी.

आता गॅस

हे काम स्वतः करू नका. गॅस दाबाखाली असतो आणि उडाला तर कातडी गोठवतो. पण गॅरेजमध्ये काय विचारायचं ते माहीत हवं. इंजिन बंद असताना गेज लावून "प्रेशर चांगलं आहे" असं कुणी म्हणालं, तर मान डोलावू नका. 40 अंशांत आर-134ए हा गाडीच्या एसीतला गॅस गेजवर साधारण 130 पीएसआय दाखवतो, मग आत अर्धा असो की पूर्ण. इंजिन चालू ठेवून दोन्ही बाजूंचं प्रेशर बघायला सांगा: कंप्रेसरकडे गॅस येतो ती लो साइड, त्यातून दाबून बाहेर पडतो ती हाय साइड. दोन्ही कमी, तर गॅस कमी. दोन्ही जास्त, तर गॅस जादा भरलेला किंवा कंडेन्सरला वारा नाही. लो साइड जास्त आणि हाय साइड कमी, तर बहुधा कंप्रेसर थकला.

गॅस कमी असेल तर तो कुठून तरी गेला आहे. जोडांवर तेलकट धूळ चिकटलेली दिसते, शोध तिथून सुरू करायचा. गळती बुजवून, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) बदलून, निदान अर्धा-पाऊण तास व्हॅक्युम मारून (आतली हवा-ओल पंपाने ओढून), मग वजनावर गॅस भरून घ्या. मागे जादा कॉइल बसवलेली असेल तर कंपनीच्या स्टिकरवरचे ग्रॅम लागू पडत नाहीत, हे मेकॅनिकला आधीच सांगा. आणि स्वस्तात भरणाऱ्याच्या सिलिंडरवर काय लिहिलंय ते वाचा. ज्या गाडीत आपण शेगडी पेटवतो, तिच्या एसीत पेट घेणारा गॅस नको.

सगळं ठीक असूनही मागे उकडतं?

मागे वेगळी कॉइल नसेल तर उकडणारच. डॅशबोर्डचा एसी पुढच्या केबिनपुरता असतो, त्याने स्वयंपाकघर आणि पलंग गार होत नाही. निघताना पाच मिनिटं सगळ्या खिडक्या उघडून कोंडलेली हवा जाऊ द्या. इंजिनाचं झाकण केबिनमध्ये येत असेल तर त्याचं रबर बदला, तिथून गरम हवा शिरते. आणि सीटांच्या मागे आडोसा करा. आम्ही आधी पातळ पडदा लावला होता, तो ब्लोअरच्या वाऱ्यानेच फडफडायचा. आता तिथे आजीने शिवलेली वाकळ टांगली आहे. दुपारी चौघेही पुढच्या बाजूला दाटीवाटीने बसतो आणि ऊन उतरलं की वाकळ बाजूला सारतो.