सशाच्या टाचा सोलवटतात, त्यावर उपाय
सशाच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस. तारेच्या जाळीवर बसून बसून टाचेचे केस झडतात, कातडी लाल होते. पुठ्ठा टाकून भागत नाही. तो मुताने भिजतो आणि ओली टाच लवकर चिघळते. जाळीवर प्लायवूड बसवून वर धुता येणारी सुती सतरंजी अंथरली (कुरतडून गिळायला लागला तर ती काढायची). कोपऱ्यात लघवी-लेंड्यांसाठी ट्रे, तळाला 2-3 सेंटिमीटर कागदी गोळ्या, वर सुकं गवत. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, म्हणून खायचं गवतही तिथंच. ट्रेवरचा मुताचा पांढरा थर व्हिनेगरने निघतो. नखं दर 4-6 आठवड्यांनी बघून कापावीत; वाढली की भार पुन्हा टाचेवर. जखम उघडी दिसली तर थेट पशुवैद्य. घरचं मलम नको, ससा ते चाटतो.