कार्मुस्टीनची चकती मेंदूत ठेवताना

ग्लायोब्लास्टोमाची, म्हणजे मेंदूच्या आक्रमक कर्करोगाची, गाठ कितीही नीट काढली तरी तिच्या जागी राहिलेल्या पोकळीच्या भिंतीत कर्करोगाच्या पेशी उरतातच. शिरेतून दिलेलं कार्मुस्टीन हे कर्करोगाचं औषध तिथे पुरेसं टिकत नाही, आणि डोस वाढवला तर अस्थिमज्जा आणि फुफ्फुसं होरपळतात. म्हणून औषध पॉलिमरमध्ये मिसळून थेट पोकळीत ठेवतात. ग्लायडेल नावाच्या या चकतीला अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. एका चकतीत ७.७ मिलिग्रॅम कार्मुस्टीन असतं. ती १.४५ सेंटिमीटर रुंद, १ मिलिमीटर जाड असते. ओलाव्याने पॉलिमर थराथराने विरघळतं आणि औषध दोन-तीन आठवडे झिरपत राहतं.

साठवण उणे २० अंशांवर किंवा त्याखाली. न उघडलेलं पाकीट बाहेर जास्तीत जास्त ६ तास चालतं. म्हणून फ्रोझन सेक्शनचा (शस्त्रक्रिया चालू असतानाच गाठीचा तुकडा गोठवून केलेल्या तपासणीचा) निकाल हाती येऊन गाठ काढून होईपर्यंत पाकीट फोडू नका.

हातात दुहेरी ग्लोव्ज हवेत. आतलं पाकीट कडेच्या दुमडीला धरून निर्जंतुक कात्रीने चकतीभोवती गोलाकार कापा. चकतीवर दाब देऊ नका, ती ठिसूळ असते. दोन तुकडे झाले तर चालतात, त्याहून जास्त झाले तर ती टाकून द्या. चिमटा याच कामासाठी वेगळा ठेवा. काम झाल्यावर वरचे ग्लोव्ज सायटोटॉक्सिक (पेशींना घातक औषधांच्या) कचऱ्यात.

रक्तस्राव पूर्ण थांबल्यावर भिंतीवर मावतील तितक्या, पण आठच्या वर नाही, चकत्या लावा. कडा थोड्या एकमेकींवर आल्या तरी हरकत नाही. हलू नयेत म्हणून वरून ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजची (शरीरात विरघळणारी) जाळी ठेवता येते.

त्याआधी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची: पोकळी व्हेंट्रिकलमध्ये (मेंदूतल्या पाण्याच्या कप्प्यात) उघडली आहे का? भोक चकतीपेक्षा मोठं असेल तर ते आधी बंद करा. नाहीतर चकती आत सरकून पाण्याचा मार्ग अडवते आणि हायड्रोसेफॅलस होतो, म्हणजे मेंदूत पाणी साचतं.

ड्युरा, म्हणजे मेंदूवरचं जाड आवरण, पाणी झिरपणार नाही अशी शिवा. कार्मुस्टीनमुळे जखम उशिरा भरते. टाक्यांत फट राहिली की तिथून मेंदूतलं पाणी गळतं आणि मागोमाग संसर्ग येतो. या शस्त्रक्रियेतला सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा.

नंतर झटके आणि मेंदूची सूज यांवर लक्ष हवं. झटक्यांचं औषध शस्त्रक्रियेपूर्वीच पुरेशा पातळीवर आणा, स्टिरॉइड घाईने कमी करू नका. एमआरआयमध्ये पोकळीभोवती दिसणारी चमक चकत्यांमुळेही असू शकते. रेडिओलॉजिस्टला चकत्या ठेवल्याचं लेखी कळवा, नाहीतर ती चमक पू किंवा परतलेली गाठ म्हणून वाचली जाते.