पीएनजीएज एफ (साखर कापून काढणारं एन्झाइम) वापरून प्रोटीनवरची साखर कशी काढायची
सांगलीत एमएस्सीचं प्रोजेक्ट करणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितोय. आधी प्रोटीनमध्ये एसडीएस (कडक डिटर्जंट) आणि डीटीटी (प्रोटीनमधले सल्फरचे बंध तोडणारं रसायन) घालून १०० डिग्रीला १० मिनिटं उकळा, म्हणजे प्रोटीनची घडी उलगडते आणि आत लपलेली साखर एन्झाइमला सापडते. मग थंड करून एनपी-४० (एसडीएसचा परिणाम मारणारं सौम्य डिटर्जंट) घालाच घाला, कारण एसडीएसनं हे एन्झाइम बंद पडतं, माझी पहिली अख्खी बॅच इथंच वाया गेली. आता एन्झाइम टाकून ३७ डिग्रीला तासभर ठेवा. जेलवर बँड (प्रोटीनची पट्टी) खाली सरकला की साखर सुटली. कंट्रोलला आरएनएज बी (साखर असलेलं ओळखीचं प्रोटीन) लावा, त्याचा बँड १७ केडीएवरनं (केडीए म्हणजे प्रोटीनच्या वजनाचं एकक) साधारण १४ वर येतो. हळदीसारख्या झाडाचं प्रोटीन असेल तर मात्र बऱ्याचदा साखरेच्या बुडाशी वेगळ्या तऱ्हेनं जोडलेला फ्युकोज (एक प्रकारची साखर) असतो, तिथं पीएनजीएज एफ चालत नाही, आधी प्रोटीनचे तुकडे करून पीएनजीएज ए (असंच दुसरं एन्झाइम) वापरा.