अहिराणी गाणे ऐकणाऱ्यापर्यंत कसे न्यावे

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे नव्या अहिराणी गाण्याची खरी परीक्षा हळदीच्या रात्री होते. बँडमधला कीबोर्डवाला फोन कानाशी धरून मुखडा दोनदा ऐकतो, पट्टी सापडली की मान हलवतो, आणि ते गाणे पुढची सगळी लग्नसराई वाजत राहते. म्हणून ध्वनिमुद्रण करतानाच गायकाच्या आवाजाविना नुसत्या वाद्यांचा ट्रॅक काढून ठेवावा आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, महिनाभर आधी तो मूळ गाण्यासह बँडवाल्यांना व डीजेवाल्यांना विनामूल्य द्यावा.

विनामूल्य देणे अनेकांना जड जाते. मात्र ऐकणाऱ्याशी भांडून काय होते, हे मोठ्या कंपन्यांनी दाखवून दिले आहे. १९९९ मध्ये इंटरनेटवरून गाण्यांची फुकट देवाणघेवाण करू देणारे नॅपस्टर आले, तेव्हा लोकांना एकेक गाणे हवे होते आणि कंपन्या अख्खी सीडीच विकत होत्या. २००३ पासून अमेरिकेतील कंपन्यांनी हजारो सामान्य श्रोत्यांवर खटले भरले, आणि त्याच वर्षी अॅपलने ९९ सेंटला एक गाणे विकायला काढले. शिवाय आपल्याकडे प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार वरातीत व लग्नाच्या इतर समारंभांत गाणे वाजवणे हे उल्लंघन ठरत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये तसे जाहीरही केले. तेव्हा लग्नघराकडून वसुलीची आशा धरू नये.

मात्र गाणे वाटणे वेगळे आणि हक्क सोडणे वेगळे. एका कंपनीच्या कागदावर मी घाईने सही केली आणि पुढे माझ्याच चॅनेलवर माझ्याच गाण्यावर दावा आला. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, परंतु ‘कायमस्वरूपी’ हा शब्द बहुधा आधीच छापलेला असतो. तो खोडून घ्यावा. २०१२ च्या दुरुस्तीमुळे गीतकार व संगीतकार यांना रॉयल्टीचा हक्क कंपनीला लिहून देताच येत नाही. ती रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासद व्हावे. आखाजीच्या झोक्यावरचे किंवा खान्देशातल्या कानबाई देवीचे जुने गाणे घेतले असेल, तर ‘पारंपरिक’ असे स्पष्ट नोंदवावे. आजीच्या ओव्या स्वतःच्या नावावर लावणे शोभत नाही आणि वादात टिकतही नाही.

शीर्षकात ‘अहिराणी’ आणि ‘खान्देशी’ हे दोन्ही शब्द ठेवावेत, कारण शोधणारा यांपैकी काहीही टाकतो. गाणे यूट्यूबसारख्या ठिकाणी पोहोचवणाऱ्या वितरकाकडे नोंद करताना, इतरांच्या चित्रफितीत आपले गाणे आढळल्यास ती रोखायची की तिच्या जाहिरातींचे उत्पन्न घ्यायचे, असे विचारले जाते. तिथे उत्पन्नाचा पर्याय निवडावा आणि नवरदेवाच्या मामाने टाकलेली वरातीतल्या नाचाची चित्रफीत तशीच राहू द्यावी.