हायड्रोलिक ट्रॉली अर्ध्यात अडकली तर जॅक खोलायच्या आधी हे पाहा

मे महिना, शेणखताच्या दहा-बारा ट्रिपा बाकी, आणि ट्रॉलीचा डाला अर्धा वर जाऊन थांबला, लिव्हर ओढला की ट्रॅक्टर नुसता घुरघुर करून राह्यला. अशा वेळी धुऱ्यावर चार जण जमतात आणि चारही जण एकच सांगतात, जॅकचं सील (आतलं तेल अडवणारं रबर) गेलं भाऊ. मीही मागच्या वर्षी हेच ऐकलं. चेनपुली लावून जॅक उतरवला, तालुक्याला नेला, सील किट टाकली, दोन दिवस गेले, आणि बसवला तं पुन्हा तिथंच येऊन थांबला. शेवटी शेजारच्याचा ट्रॅक्टर जोडून पाहिला, डाला एका दमात वर! खोट माझ्या ट्रॅक्टरात होती, तीही फक्त तेलाची.

म्हणून पहिलं काम हेच, दुसरा ट्रॅक्टर जोडा. तो उचलत असेल तर ट्रॉलीला हात लावू नका. दुसरा नसेल तर आपल्याच लिफ्टला कल्टिव्हेटर लावून उचलून पाहा, पण त्यावरून पंप चांगला आहे असं लगेच समजू नका, कल्टिव्हेटर हलकं असतं, थकलेला पंपही तेवढं उचलतो. आणि हो, लिफ्टचं तेल ट्रॉलीकडे वळवायचा नॉब फिरवला का तेही बघा, घाईत हे राहून जातं अन् मग बाप्पा दिवसभर शोधत बसा.

आता तेलाचं. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रोलिकचं तेल एकच असतं, आणि जॅक जसजसा वर जातो तसतसं ते तेल तिकडे जातं. हिशेब करा, १०० मिमी जाडीचा जॅक १ मीटर वर गेला की जवळपास ८ लिटर तेल त्याच्या पोटात गेलं. लेव्हल आधीच खालच्या खुणेवर असेल तर अर्ध्यातच पंपाला तेलासोबत हवा मिळायला लागते, आवाज बदलतो, डाला थरथरतो आणि थांबतो. माझं नेमकं हेच झालं होतं. डिपस्टिक सपाट जागेवर, इंजिन बंद करून, डाला पूर्ण खाली असताना बघायची, आणि मॅन्युअलमध्ये ट्रॉलीसाठी जास्तीचं तेल लिहिलं असेल तर तेवढं टाकायचं.

तेल बोटावर घेऊन बघा. फेस असेल अन् लेव्हलही बरोबर असेल तर पंपाकडे तेल ओढणाऱ्या सक्शन पाइपच्या ओ-रिंगमधून (रबरी कड्यातून) हवा ओढून राह्यलं. दुधासारखं पांढरं दिसलं तर पाणी गेलं, बदलाच. सकाळी उचलते आणि दुपारी ४५ डिग्रीत उचलत नाही, तर तेल पातळ झालंय आणि पंप झिजलाय, दोन्ही मिळून. पण तसं ठरवायच्या आधी स्ट्रेनर (तेल गाळायची जाळी) काढून धुवा, जाळीवर लोखंडाचा चुरा चमकला तर पंपाचा खर्च आला समजा.

रिकामा डाला उठतो आणि भरलेला नाही, तर आधी माल कमी करून पाहा. १०० मिमीचा जॅक १५० बारला साधारण १२ टनांचा जोर देतो, पण डाल्याच्या सुरुवातीच्या कोनात त्यातला बराच जोर वाया जातो, त्यात ओला मुरूम पुढच्या बाजूला कोंबला असेल तर मुश्कील आहे. रिलीफ वॉल्व (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा) कसून प्रेशर वाढवून देतो म्हणणारा मिस्त्री भेटेलच, त्याला नाही म्हणा. होज (तेलाचा रबरी पाइप) फुटतो नाहीतर पंपाची बॉडी तडकते.

मग जॅक कधी खोलायचा? आपले ट्रॉलीचे जॅक एकतर्फी असतात, तेलानं वर, वजनानं खाली. सील गेलं की तेलाला बाहेर यायलाच रस्ता असतो, दांड्यावर, नाहीतर श्वासाच्या (हवा जायच्या-यायच्या) भोकातून. दांडा पुसून घ्या, दोन वेळा वर-खाली करा. कोरडा राहिला तर जॅक निर्दोष, डाला खाली बसत असला तरी. मग तेल ट्रॅक्टरच्या वॉल्वमधून मागं जाऊन राह्यलं. ओला, वरून धूळ चिकटून काळा लेप झालेला दिसला तर खोला खुशाल.

ट्रॉली उन्हात उभी होती आणि कपलर (होज ट्रॅक्टरला जोडायचा सांधा) आतच जात नाही, हा वेगळा वैताग. होजमधलं तेल तापून फुगतं आणि आतली गोळी दाबून धरतं. हातोडीनं ठोकू नका. डाला पूर्ण खाली आहे ना ते पाहून ट्रॉलीच्या होजचा नट चिंधी गुंडाळून पाव फेरा सैल करा, थोडं तेल झिरपलं की कसा आणि मग जोडा. ट्रॅक्टरच्या बाजूनं इंजिन बंद करून लिव्हर दोन-तीनदा पुढं-मागं केला की झालं. कपलर अर्धा बसला तर डाला वर जातो पण खाली येत नाही, म्हणून जोडताना टिक असा आवाज आला का ते बघत जा.

वर उचललेल्या डाल्याखाली लोखंडी टेकू लावल्याशिवाय डोकं घालायचं नाही, एक मिनिटासाठी सुद्धा नाही. काळ्या मातीत एक चाक रुतलेलं असताना उचलू नका, अख्खी ट्रॉली आडवी होते. वरून विजेची लाइन गेली असेल तर तिथून ट्रॉली काढून घ्या. होजमधून बारीक फवारा दिसला तर हात फिरवून शोधू नका, पुठ्ठा धरा. त्या प्रेशरचं तेल कातडीत घुसतं, सुई टोचल्याएवढं दिसतं, दुखत नाही फार, पण काही तासांत बोट सडायला लागतं, सरळ ऑपरेशनवाल्या दवाखान्यात जा आणि हायड्रोलिकचं तेल घुसलं असं स्पष्ट सांगा.

कपलरची रबरी टोपी हरवली असेल (सगळ्यांचीच हरवते) तर जुन्या ट्यूबचा तुकडा तारेनं बांधा. भाड्यानं फिरणाऱ्या ट्रॉलीचं घाण तेल तसंही तुमच्याच गिअरबॉक्समध्ये येतं, त्यात धूळ कशाला?